हेम्प म्हणजे गांजाच का? ०.३ टक्क्यांची रेषा, जगभरातले कायदे आणि आपल्याकडची परिस्थिती

इन्स्टाग्रामवर हल्ली हेम्पच्या जाहिराती खूप दिसतात. हेम्प प्रोटीन, हेम्प सीड ऑइल, हेम्पचा शर्ट, हेम्पची बॅकपॅक, अगदी कुत्र्यासाठी हेम्पचं तेलसुद्धा. त्याच फीडमध्ये जरा खाली गेलं की बातमी असते, अमुक जिल्ह्यात शेतात गांजाची झाडं सापडली, शेतकऱ्याला अटक. दोन्ही फोटोंमधलं पान सारखंच दिसतं. मग एकाला डिस्काउंट कूपन आणि दुसऱ्याला बेड्या, असं का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे. झाडात टीएचसी किती आहे, झाडाचा कुठला भाग तुमच्या हातात आहे आणि तुम्ही कुठल्या देशात (भारतात असाल तर कुठल्या राज्यात) उभे आहात. पण हे थोडक्यातलं उत्तर पुरत नाही. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी प्रकरण थेट तुरुंगापर्यंत जातं. म्हणून जरा सविस्तर बघू.

हेम्प आणि गांजा, झाड एकच?

हो, एकच. वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एकच, कॅनाबिस सटायव्हा. भांग, गांजा, चरस आणि हेम्प ही चार वेगळी झाडं नाहीत. पानांची होते ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा होतो तो गांजा, फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचं होतं ते चरस. आणि याच झाडाचं ज्या वाणात नशेचं रसायन जवळजवळ नसतं, जे धाग्यासाठी किंवा बियांसाठी लावतात, त्याला म्हणतात हेम्प.

ते नशेचं रसायन म्हणजे टीएचसी. याच झाडात सीबीडी नावाचं दुसरं रसायनही असतं, त्याने नशा चढत नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि अवघड प्रकारांसाठी सीबीडीपासून बनवलेल्या एपिडायोलेक्स या औषधाला मान्यता दिली. सीबीडीभोवती जी मोठी बाजारपेठ उभी राहिली तिला या मान्यतेने बराच जोर आला. अर्थात ठरावीक आजारांसाठी मान्यता मिळालेलं औषध वेगळं, आणि झोप, चिंता, केसगळती सगळ्यावर चालतं म्हणून विकली जाणारी बाटली वेगळी.

आधी नावाचा घोळ सोडवू

इंग्रजीत ‘हेम्प’ हा शब्द दोरखंडाच्या कुठल्याही धाग्याला सरसकट चिकटवला गेला आहे. आपल्याकडे जमिनीचा कस वाढवण्यासाठी हिरवळीचं खत म्हणून शेतकरी जो ताग पेरून गाडतात, त्याला इंग्रजीत सन हेम्प म्हणतात. जिची आंबट भाजी आपण भाकरीबरोबर खातो आणि जिच्या वाखाचे दोर वळतात ती अंबाडी म्हणजे डेक्कन हेम्प. बांधावरचं घायपात म्हणजे सिसल हेम्प. फिलिपाइन्समधलं मनिला हेम्प तर चक्क केळीच्या कुळातलं आहे. यातल्या कशाचाही गांजाशी काही संबंध नाही.

त्यामुळे कृषी दुकानातल्या पिशवीवर ‘सन हेम्प सीड’ वाचून घाबरू नका. आणि उलट, ‘हेम्प सीड’ म्हणजे तागाचंच बी असेल असं समजून परदेशी साइटवरून बियाणंही मागवू नका. दुसरी चूक महागात पडेल.

जाता जाता, ज्या जाड कापडाला आपण कॅनव्हास म्हणतो त्या शब्दाचं मूळ कॅनाबिसच आहे. जहाजांची शिडं एकेकाळी याच धाग्याची असायची.

हे ०.३ टक्के आले कुठून?

आज अमेरिका, कॅनडा, युरोपीय संघ, उत्तराखंड, सगळीकडे एकच आकडा ऐकू येतो. वाळलेल्या झाडात टीएचसी ०.३ टक्क्यापर्यंत असेल तर हेम्प, वर गेलं तर गांजा. ऐकून वाटतं की यामागे मोठं वैद्यकीय संशोधन असणार, ०.३ च्या खाली नशा येत नाही आणि वर येते असं काहीतरी.

तसं काही नाही. हा आकडा १९७६ मध्ये कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी आर्थर क्रॉन्क्विस्ट यांच्यासोबत लिहिलेल्या एका शोधनिबंधातून आला. त्यांना झाडांचं वर्गीकरण करायचं होतं, म्हणून कुठेतरी रेघ मारणं भाग होतं. ही रेघ सोयीसाठी मारलेली आहे असं ते स्वतःच सांगत होते. पुढे सरकारांनी तोच आकडा उचलून कायद्यात घातला.

म्हणूनच ही रेघ सगळीकडे एका जागी नाही. स्वित्झर्लंडमध्ये ती १ टक्क्यावर आहे. युरोपीय संघात अनुदानासाठी अनेक वर्षं ०.२ टक्के होती, ती १ जानेवारी २०२३ पासून ०.३ झाली. म्हणजे ०.२५ टक्के टीएचसीचं तेच पीक ३१ डिसेंबरला नियमाबाहेर आणि दुसऱ्या दिवशी नियमात. झाडात काहीही बदल न होता.

लॅबमध्ये टीएचसी मोजतात कसं?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण शेतकऱ्याचं सगळं भवितव्य इथेच ठरतं.

ताज्या झाडात खरं तर टीएचसी फारसं नसतं. असतं ते टीएचसीए, म्हणजे त्याचं आम्लरूप. त्याने नशा येत नाही. पण त्याला उष्णता मिळाली, म्हणजे जाळलं, भाजलं, शिजवलं, की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते टीएचसी. मग मोजायचं काय, आत्ता आहे ते की तापवल्यावर होईल ते?

दोन प्रकारची यंत्रं वापरतात. लिक्विड क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवत नाहीत, त्यामुळे टीएचसी आणि टीएचसीए वेगवेगळे दिसतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याची वाफ करावी लागते, त्यामुळे यंत्रातच टीएचसीएचं टीएचसी होतं. गोंधळ टाळण्यासाठी ‘एकूण टीएचसी’ काढतात. टीएचसीएला ०.८७७ ने गुणायचं आणि त्यात टीएचसी मिळवायचं. ०.८७७ का, तर कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर रेणूचं तेवढंच वजन शिल्लक राहतं.

समजा रिपोर्टवर टीएचसी ०.०५ टक्के आणि टीएचसीए ०.४ टक्के आहे. नुसतं टीएचसी पाहिलं तर पीक एकदम सुरक्षित. एकूण काढलं तर ०.४ गुणिले ०.८७७ म्हणजे ०.३५, अधिक ०.०५, झालं ०.४०. पीक गेलं.

गेलं म्हणजे खरोखरच गेलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार कापणीच्या आधी ३० दिवसांत नमुना घेतला जातो, आणि मर्यादा ओलांडलेलं पीक विकता येत नाही. ते नष्ट करावं लागतं किंवा शेतातच गाडावं लागतं. तिकडचे शेतकरी अशा पिकाला ‘हॉट’ म्हणतात. फुलोरा पक्व होत जातो तसं टीएचसी वाढतं, त्यामुळे कापणीला आठवडाभर उशीर झाला तरी गणित फिसकटू शकतं. तूर किंवा कापसात भाव पडला तरी माल हातात राहतो, इथे मालच राहत नाही.

जगाने बंदी घातली कशी आणि उठवली कशी?

सुरुवात भारतापासूनच करावी लागेल. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं होतं. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं आणि सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की माफक वापराने फारसं नुकसान दिसत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण पुरे. त्या काळाच्या मानाने ही फारच व्यवस्थित पाहणी होती.

जग मात्र दुसऱ्या दिशेने गेलं. अमेरिकेने १९३७ मध्ये गांजावर इतका जाचक कर लावला की हेम्पची शेतीही त्यात भरडली गेली. गंमत म्हणजे पाचच वर्षांनी त्याच सरकारला हेम्पची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्स घेतलं, मनिला हेम्प येणं बंद झालं आणि नौदलाला दोरखंड कमी पडायला लागले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’ नावाची फिल्म काढून शेतकऱ्यांना हेम्प लावायचं आवाहन केलं. युद्ध संपलं आणि हे पीक पुन्हा कोपऱ्यात गेलं.

१९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांविषयीचा करार झाला. आजचे बहुतेक देशांचे कायदे त्याच्यावर बेतलेले आहेत. या करारातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, धागा, बिया यांच्यासाठी किंवा बागकामासाठीच केलेल्या लागवडीला हा करार लागू होत नाही, असं कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे जगाने हेम्पशेतीवर बंदी घातलीच नव्हती, अनेक देशांनी ती आपणहून घातली. दुसरी, बंदी असलेल्या ‘कॅनाबिस’ची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याची आहे. बिया आणि फुलोऱ्याशिवायची पानं त्यातून वगळली आहेत. पानं वगळल्यामुळेच आपल्याकडची भांग करारातून सुटली.

नंतर २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढलं. मतं पडली २७ विरुद्ध २५. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं होतं. पण त्याने गांजा कायदेशीर झाला नाही, वैद्यकीय संशोधनाचा रस्ता थोडा मोकळा झाला इतकंच.

अमेरिका: एका व्याख्येने केलेला गोंधळ

२० डिसेंबर २०१८ ला अमेरिकेत नवा शेती कायदा झाला आणि ०.३ टक्क्याच्या आतलं हेम्प देशभर कायदेशीर झालं. सीबीडीच्या नावाने सोन्याची खाणच सापडली असं वातावरण होतं. २०१९ मध्ये पाच लाख एकरांहून जास्त जमिनीसाठी परवाने निघाले. सगळ्यांनी एकदम तेच पीक लावलं, माल प्रचंड झाला, सुकवायला आणि अर्क काढायला पुरेसे कारखाने नव्हते, आणि भाव कोसळले. आपल्याकडे टोमॅटोचं होतं तेच. अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये हेम्प उत्पादनाचं मूल्य ८२.४ कोटी डॉलर होतं, २०२२ मध्ये ते २३.८ कोटींवर आलं.

दुसरा गोंधळ व्याख्येतला. कायद्यात फक्त ‘डेल्टा-९ टीएचसी’ आणि ‘वजनाच्या ०.३ टक्के’ एवढंच लिहिलं होतं. कंपन्यांनी लगेच दोन फटी शोधल्या. एक, सीबीडीवर रासायनिक प्रक्रिया करून डेल्टा-८ टीएचसी बनवायचं. नशा येते, पण नाव डेल्टा-९ नाही. दोन, वजनाचा खेळ. ५ ग्रॅमच्या एका जेली गोळीच्या ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम टीएचसी. कॅनडात गांजा उघडपणे कायदेशीर आहे, आणि तिथे खाण्याच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही! म्हणजे अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानात ‘हेम्प’ म्हणून विकली जाणारी एक गोळी कॅनडातल्या गांजाच्या पाकिटापेक्षा जड.

हे सात वर्षं चाललं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचं सरकारी कामकाज पुन्हा सुरू करणारं जे विधेयक मंजूर झालं, त्यात ही व्याख्या बदलली गेली. आता एकूण टीएचसी धरायचं, आणि तयार उत्पादनाच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको. अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. त्यामुळे अमेरिकी युट्यूबरचा दोन वर्षांपूर्वीचा ‘इट्स टोटली लीगल’ व्हिडिओ बघून काही ठरवत असाल तर थांबा.

फ्रान्स: शांतपणे चाललेली शेती

फ्रान्समध्ये हेम्पची शेती कधी पूर्ण थांबलीच नाही. युरोपीय संघातलं ६० टक्क्यांहून जास्त हेम्प आज एकट्या फ्रान्समध्ये होतं. संघातलं एकूण क्षेत्र २०१५ मध्ये सुमारे २० हजार हेक्टर होतं, २०२२ मध्ये ३३ हजारांवर गेलं. अमेरिकेसारखी उडी नाही आणि आपटणंही नाही.

मला यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो कारखान्याचा. हेम्पचं पीक साधारण चार महिन्यांत दोन-तीन मीटर वाढतं. ते कापून शेतात पसरून ठेवतात. दव आणि बुरशी यांनी सालीतला डिंक सैल होतो, मग यंत्रात चिरडून वाख वेगळा करतात आणि आतला लाकडासारखा भुसा वेगळा. वाख असतो साधारण पाव ते एक तृतीयांश, बाकी बहुतेक भुसा. हा माल हलका आणि अवाढव्य. लांबवर ट्रकने न्यायचा तर भाड्यातच पैसे जातात. म्हणून यंत्र शेताच्या जवळच हवं, जसा उसाला साखर कारखाना. फ्रान्समध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी असे कारखाने उभे केले. वाख जातो सिगारेटच्या पातळ कागदाला, उष्णतारोधक गाद्यांना आणि गाड्यांच्या दरवाजांच्या आतल्या पॅनेलला. भुसा जातो जनावरांखाली अंथरायला आणि हेम्पक्रीटला.

हेम्पक्रीट म्हणजे हा भुसा, चुना आणि पाणी. वजन पेलायला त्याचा उपयोग नाही, घराचा सांगाडा लाकडाचा किंवा दुसरा कशाचा तरी करावाच लागतो. पण भिंत हलकी होते, उष्णता अडवते आणि दमटपणा शोषून घेते. ही पद्धत १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाली असं सांगतात. तिची एक दूरची थोरली बहीण आपल्या वेरूळला आहे. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात त्यांना कॅनाबिसचे तंतू आणि तुकडे मिसळलेले सापडले. वेरूळच्या गिलाव्याला किड्यांनी फारसा हात लावलेला नाही, आणि जवळच्याच अजिंठ्यात, जिथे हे मिश्रण नाही, तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलं आहे. देवगिरीच्या किल्ल्यातही असा गिलावा मिळाला.

चीन या क्षेत्रात सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक. युन्नान आणि हेलोंगजियांग हे तिथले मुख्य प्रांत. कापडासाठीचा धागा तिथूनच जगभर जातो, पण तोच चीन आपल्या लोकांना सीबीडी खाऊ देत नाही, आणि २०२१ पासून सौंदर्यप्रसाधनांतही नाही. कॅनडात १९९८ पासून हेम्पशेती चालते, मुख्यतः बियांसाठी.

आणि हेम्पविषयी नेटवर फिरणारे ‘चमत्कारिक पीक’वाले दावे थोडे मीठ लावूनच घ्या. ‘एक एकर हेम्पमध्ये चार एकर जंगलाएवढा कागद’ हे वाक्य सगळीकडे सापडेल. त्याचं मूळ अमेरिकी कृषी खात्याच्या १९१६ च्या एका पत्रिकेत आहे. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली, कागद अजून लाकडाचाच बनतो. धाग्यात दम नाही असं नव्हे, पण कापणी, वाहतूक आणि यंत्राचा खर्च त्या वाक्यात धरलेला नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

आता घरचा विषय. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्याची व्याख्या १९६१ च्या करारासारखीच, म्हणजे झाडाच्या भागावर आधारलेली. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, त्यांचं कुठलंही मिश्रणही त्यातच. फुलोऱ्याशिवायच्या बिया आणि पानं गांजाच्या व्याख्येबाहेर.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या व्याख्येत ०.३ टक्के हा आकडाच नाही. म्हणजे ‘साहेब, माझ्या झाडात टीएचसी फक्त ०.२ आहे, हे हेम्प आहे’ असं परवाना नसताना म्हणून उपयोग नाही. परवान्याशिवाय झाड लावणं हाच गुन्हा आहे, मग ते शेतात असो की बाल्कनीतल्या कुंडीत, एक असो की शंभर. लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

परवाना मिळण्याचा रस्ता कायद्यातच आहे. कलम १० राज्य सरकारला लागवडीवर नियम करायचा अधिकार देतं, आणि कलम १४ नुसार सरकार फक्त धागा, बी किंवा बागकामासाठी लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडने हा रस्ता घेतला आणि २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा व्यावसायिक हेम्पशेतीचा परवाना दिला. तिथेच ०.३ टक्क्याची अट आली. तिथल्या डोंगरात भांगेच्या बियांची चटणी आणि सालीचे दोर हे घरोघरचं जुनं काम, त्यामुळे लोकांना पीक नवं नव्हतं. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली.

अडचण बियाण्याची आहे. हिमालयातल्या स्थानिक वाणांत टीएचसी ०.३ च्या वर सहज जातं. युरोपातलं कमी टीएचसीचं बियाणं आणावं तर दुसरंच संकट. हे झाड दिवसाच्या लांबीवर फुलोऱ्याची वेळ ठरवतं. उत्तर युरोपातल्या सोळा तासांच्या उन्हाळी दिवसाला सरावलेलं बी आपल्याकडच्या लहान दिवसात पेरलं की ते गुडघाभर असतानाच फुलायला लागतं. मग धागा मिळणार कुठून? यावर उपाय एकच, आपल्या हवामानाचं कमी टीएचसीचं वाण तयार करणं, आणि त्याला वर्षं लागतात.

महाराष्ट्रात अशी परवाना व्यवस्था नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकरात गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. अर्ज पोलिसांकडे गेला आणि त्यांनी तो प्रसिद्धीचा स्टंट ठरवला. अर्ज बराच व्हायरल झाला. पण वर म्हटल्याप्रमाणे राज्याचे नियमच नसताना अशी परवानगी जिल्हाधिकारी स्वतःच्या अखत्यारीत देऊच शकत नाहीत. त्यामुळे ‘हेम्प लावा, एकरी लाखो कमवा, परवाना आम्ही काढून देतो’ असा मेसेज महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर पैसे भरण्याआधी एकच विचारा, कुठल्या नियमाखाली आणि कुणाच्या सहीने? उद्योग करायचाच तर तयार धागा, कापड, बिया यांच्यावर काम करता येतं. मुंबईत २०१३ मध्ये काही तरुणांनी सुरू केलेली बॉम्बे हेम्प कंपनी याचं ठळक उदाहरण, तिच्यात रतन टाटा यांनीही पैसे गुंतवले होते.

भांगेचं काय? एनडीपीएस कायद्यातून पानं सुटली, पण राज्यांना आपला कायदा करायची मुभा आहे. उत्तर प्रदेशात, राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात. आपल्याकडे दारूबंदी कायदा १९४९ नुसार परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं गुन्हा आहे. वाराणसीच्या रीलमध्ये दिसतं ते नाशिकला चालेलच असं नाही.

ऑनलाइन मागवताना आणि प्रवासात

हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपर्यंतच टीएचसी चालतं. हे इतकं कमी आहे की त्याने नशा येण्याचा प्रश्नच नाही. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असतो, तो ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. खाद्यपदार्थ म्हणून विकताना कुणी ‘हलकी किक मिळते’ असं लिहीत असेल तर तो विक्रेता सोडा.

सीबीडी तेल हे वेगळं प्रकरण. भारतातल्या कंपन्या जे विकतात ते आयुर्वेदिक औषध म्हणून, ‘विजया’ या नावाने, पानांच्या अर्कापासून, आयुष परवान्यावर. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. विक्रेता चिठ्ठी मागतच नसेल तर तिथेच शंका घ्या. परदेशात मात्र सीबीडी बहुतेक फुलोऱ्यातून काढतात, आणि आपल्या व्याख्येत फुलोरा म्हणजे गांजा. त्यामुळे अमेरिकेत सुपरमार्केटमध्ये मिळणारी बाटली पार्सलने मागवली तर कस्टममध्ये ती अडकू शकते आणि पार्सलवर नाव-पत्ता तुमचा असतो.

प्रवासात तर जास्तच जपा. हाँगकाँगमध्ये १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडी हे धोकादायक अमली पदार्थांत धरलं जातं. नुसतं बाळगल्याबद्दल ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग ते फेसक्रीममध्ये का असेना. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक वीड’ सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. तो मातीशिवाय, पोषक पाण्यावर वाढवलेला गांजाच आहे, आणि कायदा तो कुठे आणि कसा वाढवला हे विचारत नाही. २० किलोच्या पुढे ती व्यावसायिक मात्रा धरली जाते, म्हणजे किमान १० वर्षं. १ किलोपर्यंतची ‘अल्प मात्रा’ असली तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि देशाबाहेरून आणल्याचं कलम वेगळं लागतं. फुकट तिकीट आणि हॉटेलच्या बदल्यात फक्त एक बॅग आणायची, अशी ऑफर टेलिग्रामवर आली तर त्या बॅगेत काय असतं ते आता वेगळं सांगायला नको.